खिशांतल्या प्राण्यांचे आखाडे

इतिहास म्हटला म्हणजे राजवंश, तह आणि लढाया यांचीच आपल्यास प्रथम आठवण होते. त्यानंतर ग्रंथ, मंदिरें, व्यापार यांचा क्रम लागतो. खेळालाहि इतिहास असतो हें आपण मान्य करतों, पण तें बहुधा बुद्धिबळ किंवा मल्लविद्या यांच्यापुरतें. मुलांच्या हातांतील एका विजेच्या यंत्रावर ज्या लढती खेळल्या गेल्या त्यांनाहि इतिहास आहे, त्या इतिहासांत एक युग उदयास येऊन मावळूनहि गेलें आहे, आणि त्याचा अभ्यास करणाऱ्यापुढें इतिहासकाराचे नेहमींचेच कठीण प्रश्न उभे राहतात, असें म्हटलें तर पुष्कळांना ती अतिशयोक्ति वाटेल. आजच्या भाषणाचा हेतु तें विधान शक्य तितक्या साधेपणानें पटवून देण्याचा आहे.

बुद्धिबळाचा शंभर वर्षांपूर्वीं खेळलेला डाव आज आपल्यास पटावर मांडून पाहतां येतो. चाली कागदावर उतरून ठेवलेल्या असतात. पट तोच, मोहरीं तींच, नियम बहुतेक तेच. ज्या खेळाविषयीं आज बोलावयाचें आहे त्यांत तसें नाहीं. त्याचा पट दर तीन-चार वर्षांनीं बदलला, मोहऱ्यांची संख्या दीडशेंपासून वाढत हजारावर गेली, आणि स्पर्धेचे नियम तर जवळजवळ दरसाल नवे झाले. नियम बदलले कीं त्यांच्या आधारानें कमावलेली विद्या एका दिवसांत निरुपयोगी होई. मग अशा खेळांतील जुन्या सामन्यांकडे मागें वळून पाहावयाचें तें कसें, आणि त्यांत टिकाऊ असें काय होतें, हा आपला प्रश्न आहे.

या खेळाचें नांव पोकेमॉन. ‘पॉकेट मॉन्स्टर’ या दोन इंग्रजी शब्दांचें जपानी लोकांनीं केलेलें हें संक्षिप्त रूप. मॉन्स्टर म्हणजे राक्षस खरा, परंतु या खेळांतील जीव राक्षसांपेक्षां अद्भुत प्राणी या वर्णनालाच अधिक साजतात. त्यांचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणीं किडे पकडण्याचा विलक्षण नाद होता. टोकियोच्या आसमंतांत त्यांचें बालपण गेलें. शहर पसरत गेलें तशीं भोंवतालचीं तळीं आणि झाडी नाहींशी होत गेली आणि किडे वेंचण्याचें सुखहि मुलांना दुर्मिळ झालें. पुढें १९८९ सालीं निन्टेंडो कंपनीनें ‘गेम बॉय’ नांवाचें हातांत धरून खेळण्याचें एक छोटें यंत्र विक्रीस काढलें. अशीं दोन यंत्रें एका केबलनें, म्हणजे तारेनें, एकमेकांस जोडतां येत. त्या तारेवरून एखादा किडा चालत या यंत्रांतून त्या यंत्रांत जात आहे, असें चित्र ताजिरी यांच्या मनांत उभें राहिलें आणि त्यांतून या खेळाची कल्पना निघाली. सुमारें सहा वर्षांच्या खटपटीनंतर, २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं, त्याच्या तांबड्या व हिरव्या अशा दोन आवृत्त्या जपानांत प्रसिद्ध झाल्या. कांहीं प्राणी एकींतच मिळत, कांहीं दुसरींतच. म्हणजे संग्रह पुरा करावयाचा तर कोणा तरी दुसऱ्याशीं तार जोडणें भागच होतें. तार जोडली गेली कीं देवघेवीबरोबर झुंजहि आलीच.

ही झुंज कशी चाले तें समजल्यावांचून पुढील कथेंत गोडी वाटणार नाहीं. म्हणून तें थोडक्यांत सांगतों. पहिल्या आवृत्तींत १५१ प्राणी होते. प्रत्येक प्राणी एक किंवा दोन तत्त्वांचा असे. अग्नि, जल, वनस्पति, वीज, हिम, भूमि अशीं एकंदर पंधरा तत्त्वें मानलेलीं होतीं. जलानें अग्नि शमतो, अग्नीनें वनस्पति जळते, वनस्पति जल शोषून घेते; अशा रीतीनें कोणतें तत्त्व कोणावर भारी याचा एक मोठा तक्ता ठरलेला असे. प्रत्येक प्राण्यास फक्त चार डावपेंच ठाऊक असूं शकत. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, प्रत्येक फेरींत दोघेहि खेळाडू आपापला हुकूम एकमेकांस न दाखवितां देत. दोन्ही हुकूम मिळाल्यावरच ते अमलांत येत, आणि ज्याचा प्राणी अधिक चपळ त्याचा वार आधीं पडे. बुद्धिबळांत प्रतिपक्षाची चाल पाहून आपण उत्तर देतों. येथें उत्तर प्रश्नाच्या आधींच द्यावयाचें असे. समोरचा वार करील, कीं प्राणी मागें घेऊन दुसरा पुढें आणील? तो मागें घेणार असें मी ओळखलें आहे, हें त्यानें ओळखलें असेल काय? सारी झुंज या तर्काच्या पायऱ्यांवर चढत-उतरत असे.

घरीं खेळणारी मुलें मात्र या तर्काच्या भानगडींत फारशीं पडत नसत. या खेळांत प्राण्याचें सामर्थ्य पायऱ्यांनीं मोजतात. अनुभवानें तो पहिल्या पायरीपासून शंभराव्या पायरीपर्यंत चढूं शकतो. ज्याला वेळ अधिक त्याचा प्राणी अधिक वर चढलेला, आणि मग त्याच्या बळापुढें शहाणपणाचें कांहीं चालत नसे. चिकाटीचा विजय होई, पण ती स्पर्धा नव्हे. स्पर्धेसाठीं कायदा पाहिजे होता, आणि तो १९९७ सालीं जपानांत झालेल्या ‘निन्टेंडो कप’ या स्पर्धेनें घालून दिला. ज्या युगाची आपण ओळख करून घेत आहों त्याचा आरंभ येथें होतो.

तो कायदा दिसावयास अगदीं लहान होता. प्रत्येकानें सहा प्राणी आणावे. एकाच जातीचे दोन नसावे. प्रत्येक प्राणी ५० ते ५५ या पायऱ्यांच्या दरम्यान असावा. सहांपैकीं तीनच प्राणी सामन्यांत उतरवावे, आणि त्या तिघांच्या पायऱ्यांची बेरीज १५५ पेक्षां अधिक होऊं नये. म्यूटू आणि म्यू या दोन अतिबलाढ्य प्राण्यांस मज्जाव. एवढेंच.

पण या १५५ च्या आंकड्यानें काय चमत्कार केला तें पाहण्यासारखें आहे. तिघांपैकीं एकास ५५ वर चढविलें तर उरलेले दोघे ५० चेच राहिले पाहिजेत. एकास ५३ दिलें तर दुसऱ्यास ५२ देतां येईल, परंतु तिसरा ५० वरच थांबेल. ५२, ५२ आणि ५१ अशी जवळजवळ समान वांटणीहि होऊं शके. म्हणजे संघ उभारणें हें एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या अंदाजपत्रकासारखें झालें. थोरल्यावर खर्च केला तर धाकट्यांच्या वांट्यास काटकसर. शिवाय पायरी पडद्यावर उघड दिसे. समोर ५५ चा प्राणी उतरला कीं मागें राहिलेले दोघे ५० चे आहेत, हें गणित प्रतिपक्षास तत्काळ मांडतां येई. एकाच जातीचे दोन तुल्यबल प्राणी समोरासमोर आले तर वरच्या पायरीचा अधिक चपळ, म्हणून त्याचा वार आधीं. अशा वेळीं एका पायरीचा फरक सामना फिरवूं शके. बळ वाढवितां वाढवितां आपलें गुपितहि फोडावें लागणें, असा हा दुधारी नियम होता.

पुढें याच तत्त्वावर लहान गटहि निघाले. ‘पेटिट कप’ या प्रकारांत २५ ते ३० पायरीचे बाळप्राणीच घेत; त्यांत प्राण्याची उंची दोन मीटरांहून आणि वजन वीस किलोंहून अधिक चालत नसे. कुस्तीच्या आखाड्यांत वजनाचे गट पाडतात, तसाच हा न्याय.

आतां त्या काळच्या खेळाडूंच्या ज्ञानाकडे वळूं. इतिहासाच्या दृष्टीनें हाच भाग अधिक मोलाचा आहे. त्या वेळचा खेळाडू ज्या रणभूमीवर उभा होता तिचा पुरा नकाशा त्याच्यापाशीं नव्हता. यंत्राच्या पोटांत जे नियम कोरलेले होते ते छापील पुस्तिकेंत सगळे दिलेले नव्हते. इतकेंच नव्हे तर कांहीं ठिकाणीं खेळांत सांगितलेली गोष्ट आणि यंत्रांत घडणारी गोष्ट या परस्परविरुद्ध होत्या. एक उदाहरण पुरे आहे. मनःशक्तीच्या तत्त्वाचे प्राणी त्या पहिल्या खेळांत अजिंक्यप्राय होते. भुतांच्या तत्त्वाचा हल्ला त्यांच्यावर भारी पडतो असें खेळांतील एक पात्र खेळाडूस सांगत असे. प्रत्यक्षांत मात्र रचनेंतील एका चुकीमुळें तो हल्ला त्यांना मुळींच लागत नसे. त्यांचा दुसरा शत्रु म्हणजे किडे. परंतु किड्यांच्या हल्ल्यांत जोर नव्हता. ज्या खेळाचा जन्म किड्यांच्या नादांतून झाला त्याच खेळांत किडे दुबळे राहावे हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा.

दुसरें उदाहरण नशिबाचें. जो वार शंभर टक्के लागतो असें मानलें जाई तोहि २५६ वेळांत एकदां चुके. याचें कारण असें कीं, यंत्र प्रत्येक वाराच्या वेळीं ० ते २५५ यांपैकीं एक आंकडा काढी आणि तो २५५ हून कमी असला तरच वार लागला असें धरी. आंकडा नेमका २५५ आला कीं खात्रीचा वारहि फुकट जाई. मर्मी वार बसण्याचा संभव प्राण्याच्या जातीच्या चपळतेवर ठरे. टॉरोस नांवाचा बैलासारखा एक वेगवान प्राणी साधारण पांचांतून एक वार मर्मी मारी, आणि म्हणूनच तो फार मातबर ठरला. गोठून गेलेला प्राणी आपण होऊन कधींच वितळत नसे. शत्रूनेंच अग्नीचा वार केला तर गोष्ट निराळी, पण असा उपकार कोण करणार? झोंपलेला प्राणी ज्या फेरींत जागा होई ती फेरीहि त्याच्या हातची जाई.

यावरून कोणी म्हणतील, हा तर सोंगट्यांचा खेळ झाला. दान पडेल त्याचा जय. हा आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. एका सामन्यापुरतें नशीब निर्णायक ठरूं शके आणि अनेकदां ठरलेंहि. परंतु जो खेळाडू नशिबाचा हिशेब अगोदर करून ठेवी, म्हणजे वार चुकला तर काय, प्राणी गोठला तर काय, याची तजवीज ज्यानें आधींच केलेली असे, तो दहा सामन्यांत इतरांहून अधिक जिंकी. शेतकरी पावसावर हुकमत चालवूं शकत नाहीं. तरी पेरणी केव्हां करावी हें जाणणारा आणि न जाणणारा यांत अंतर राहतेंच. येथें तर पावसाचे नियमहि कोणी सांगितलेले नव्हते. ते ज्यानें त्यानें अनुभवानें ताडावयाचे होते. त्या युगाचें खरें कौशल्य या अर्धवट अंधारांत निर्णय घेण्याचें होतें.

१९९९ सालच्या नोव्हेंबरांत सोनेरी व रुपेरी आवृत्त्या निघाल्या आणि पट प्रथमच बदलला. प्राणी २५१ झाले. पोलाद आणि अंधार अशीं दोन नवीं तत्त्वें आलीं. मनःशक्तीच्या मक्तेदारीस आळा घालणें हें त्यांचें एक उघड काम होतें. प्रत्येक प्राण्यास एकेक वस्तु जवळ बाळगण्याची मुभा मिळाली. २००० सालच्या निन्टेंडो कपांत पायऱ्यांची १५५ ची मर्यादा कायम राहिली आणि तिच्या जोडीला आणखी एक कलम आलें. एका संघांत तीच वस्तु दोघांपाशीं असतां कामा नये. सर्वांत गुणकारी वस्तु कोणास द्यावी आणि कोणास वगळावें, हा नवा पेंच त्यामुळें उभा राहिला.

२००२ सालच्या आवृत्तीनें याहून खोल बदल केला. तोंवर प्राण्याच्या सगळ्या गुणांना, म्हणजे बळ, बचाव, चपळता इत्यादिकांना, अनुभवाचे गुण पुरेपूर मिळवितां येत. आतां एकंदर गुणांची मर्यादा ५१० ठरली आणि एका अंगास फार तर २५५ गुण देतां येत. अंगें सहा आणि भांडवल दोघांपुरतें! चपळ करावा तर नाजूक राहतो. टणक करावा तर मंद होतो. शिवाय याच वेळीं दुहेरी झुंजीची पद्धति आली. दोन विरुद्ध दोन, असे चार प्राणी एकाच वेळीं रणांत. भूकंपासारखा कांहीं हल्ला असा असे कीं तो शत्रूंबरोबर आपल्या साथीदारालाहि लागे. मग साथीदार उडणारा निवडावा, किंवा त्या फेरींत त्याला ढालीआड ठेवावा. एकट्या मल्लाची कुस्ती संपून सैन्याची व्यूहरचना सुरू झाली ती येथून.

जागतिक अजिंक्यपदाची व्हिडिओ गेमची स्पर्धा याच दुहेरी पद्धतीनें २००९ सालीं अमेरिकेंत सॅन डिएगो येथें भरली आणि प्रौढ गटांत जपानचे काझुयुकी त्सुजी विजयी झाले. त्यानंतरचीं तीन वर्षें आपल्या विषयाच्या दृष्टीनें मोठीं उद्बोधक आहेत. कारण त्या तीन वर्षांत कायदा तीन वेळां समूळ पालटला.

२०१० सालीं हवाई बेटांत वायकोलोआ येथें स्पर्धा झाली. सहा प्राणी नोंदवावे, त्यांतले चार उतरवावे, सर्वांची पायरी ५० धरावी, आणि एरवीं बंदी असलेल्या महाबली प्राण्यांपैकीं दोन घेण्यास हरकत नाहीं, असा त्या वर्षींचा नियम होता. या महाबलींत कायोगर हा समुद्राचा स्वामी आणि ग्राउडॉन हा भूमीचा स्वामी. कायोगर रणांत आला कीं आपोआप पाऊस सुरू होई आणि जलाच्या हल्ल्यांस दीडपट बळ येई. ग्राउडॉन आला कीं कडक ऊन पडे आणि अग्नीला जोर चढे. दोघे एकदम समोरासमोर आले तर? अधिक चपळ प्राण्याचा प्रभाव आधीं प्रकट होई आणि मंद प्राण्याचा मागाहून; मागून आलेलें हवामान आधींचें पुसून टाकी आणि दुसरें कोणी बदलीपर्यंत टिकून राही. जेथें एरवीं चपळतेसाठीं सारा खटाटोप, तेथें या एका क्षणीं मंदपणाच उपयोगी पडे. या स्पर्धेंत अमेरिकेचे रे रिझो विजयी झाले.

२०११ सालीं पुन्हां सॅन डिएगो येथें खेळाडू जमले तेव्हां हें सारें ज्ञान केराच्या टोपलींत गेलेलें होतें. नवी आवृत्ति निघाली होती आणि तींतील १५६ नव्या प्राण्यांपैकींच, त्यांतलेहि कांहीं महाबली वगळून, संघ करावा असा हुकूम निघाला. कायोगर नाहीं, ग्राउडॉन नाहीं, मागील पंधरा वर्षांतला एकहि ओळखीचा चेहरा नाहीं. २०१२ सालीं तिसराच कायदा आला. जुने-नवे सारे चालतील, फक्त महाबली नकोत. आणि आश्चर्याची गोष्ट ही कीं, २०११ व २०१२ या दोन्ही सालीं अजिंक्यपद पुन्हां रिझो यांनाच मिळालें. तीन वर्षें, तीन निरनिराळे कायदे, बहुतांशीं निराळे प्राणी, आणि विजेता एकच.

या घटनेचा अर्थ काय लावावयाचा? विद्या प्राण्यांत सांठविलेली असती तर ती प्राण्यांबरोबर गेली असती. नियमांच्या पाठांतरांत असती तर नियमांबरोबर नष्ट झाली असती. ती तशी गेली नाहीं. म्हणून तिचें स्थान अन्यत्र शोधलें पाहिजे. नवा कायदा वाचून त्यानें कोणती वाट बंद केली आणि कोणती उघडली हें इतरांच्या आधीं ओळखणें, आणि समोर बसलेला माणूस काय ओळखून आला असेल याचा अंदाज करणें, ही ती विद्या होय. २०१२ च्या अंतिम सामन्यांत रिझो यांच्याकडून पराभूत झालेले वुल्फ ग्लिक यांची कथाहि हेंच सांगते. चार वर्षांनंतर, २०१६ सालीं, सॅन फ्रान्सिस्को येथें आणखी निराळ्या कायद्याखालीं ते स्वतः अजिंक्य ठरले.

या दृष्टीनें २०१४ सालच्या वॉशिंग्टन येथील स्पर्धेचें उदाहरण तर पाठ्यपुस्तकांत घालण्यासारखें आहे. त्या वर्षीं प्राण्यांची यादी आंखडलेली होती. नव्या आवृत्तीच्या प्रदेशांतील प्राणीच चालत. दक्षिण कोरियाचे पार्क से-जुन यांनीं आपल्या संघांत पाचिरिसू नांवाची एक चिमुकली विजेची खार घेतली. बळाच्या दृष्टीनें हा प्राणी इतका सामान्य कीं मोठ्या स्पर्धांत त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नसे. परंतु पार्क यांच्या संघाचा आधारस्तंभ गायरेडॉस हा जलचर होता आणि विजेचा वार हें त्याचें मर्मस्थान होतें. पाचिरिसूस शत्रूचे वार स्वतःकडे ओढून घेण्याची युक्ति येत होती, आणि त्याच्या अंगीं असा गुण होता कीं वीज अंगावर पडली तर इजा होण्याऐवजीं त्याची प्रकृति सुधारे. म्हणजे गायरेडॉसवर टाकलेली वीज खारीकडे वळणार आणि तिलाच औषध होणार! सेतुबंधनाच्या कामांतील खारीची आठवण आपल्यास होणें स्वाभाविक आहे. पण येथें खार केवळ भक्तीमुळें मोठी ठरली नाहीं, तिचें काम नेमकें हिशेबांत बसत होतें. प्रेक्षकांनीं त्या खारीस अक्षरशः डोक्यावर घेतलें आणि पार्क अजिंक्य ठरले.

आतां या वैभवाचें पुढें काय झालें तें पाहूं. ज्या जाळ्यावरून जगांतील खेळाडू घरबसल्या एकमेकांशीं लढत, तें निन्टेंडोचें जुनें जाळें २० मे २०१४ रोजीं बंद झालें. त्याच्या नंतरचें ३डीएस यंत्राचें जाळेंहि एप्रिल २०२४ मध्यें बंद करण्यांत आलें. पहिल्या आवृत्त्यांत खेळाडूचे प्राणी एका लहानशा बॅटरीच्या आधारें जपून ठेवलेले असत. बॅटरी मेली कीं प्राणी गेले. सोनेरी-रुपेरी आवृत्त्यांत तर एक घड्याळहि त्याच बॅटरीवर चाले, त्यामुळें ती लवकर संपे. त्या काळीं आखाडा गाजविलेला एखादा टॉरोस कोणाच्या कपाटांत मुकाट्यानें नाहींसा झाला असेल, आणि मालकाला त्याचा पत्ताहि लागला नसेल. ताम्रपट टिकतात, भूर्जपत्रें टिकतात. विजेच्या अक्षरांना मात्र कोणी तरी सतत जागतें राहावें लागतें.

नियम वारंवार बदलणाऱ्या कंपनीस दोष देणें सोपें आहे, परंतु तें सर्वस्वीं न्याय्य होणार नाहीं. नवी आवृत्ति विकणें हा तिचा व्यवसाय आहे हें खरें. पण कायदा पालटला नसता तर काल आलेल्या नवशिक्याला वीस वर्षें मुरलेल्या खेळाडूसमोर उभें राहण्याची संधीच मिळाली नसती. दर वर्षीं सर्वांनाच नव्यानें विद्यार्थी व्हावें लागे, आणि त्यामुळें तरुणांना दार उघडें राही. तोटा एवढाच कीं प्रत्येक जुन्या वर्षाची विद्या पोरकी झाली. मालक तिची चिंता वाहणार नाहीं. ती वाहिली हौशी लोकांनीं. २००४ सालीं स्थापन झालेल्या ‘स्मोगॉन’ सारख्या मंडळांतून जगभरच्या हौशी अभ्यासकांनीं यंत्राच्या पोटांतील नियम एकेक करून उलगडले, लिहून ठेवले आणि संगणकावर जुन्या लढतींचे हुबेहूब आखाडे उभारले. ‘पोकेमॉन शोडाऊन’ नांवाच्या अशा आखाड्यांत १९९७ चा निन्टेंडो कप त्याच १५५ च्या बेरजेसह पुन्हां खेळतां येऊं लागला. २००० च्या कपाचाहि तेथें जीर्णोद्धार झाला. शिवाय तेथील प्रत्येक सामन्याची फेरीगणिक नोंद ठेवतां येते, म्हणजे बुद्धिबळाप्रमाणें तो मागाहून वाचतां येतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं ही सोय असती तर त्या काळच्या किती तरी बालखेळाडूंचे तर्क आज आपल्यापुढें असते.

परंतु येथें इतिहासाच्या अभ्यासकानें सावध राहिलें पाहिजे. आज जे लोक १९९७ चा कायदा पुन्हां खेळतात त्यांना त्या यंत्राचें प्रत्येक रहस्य ठाऊक आहे. भुतांचा हल्ला लागत नाहीं हें त्यांना माहीत आहे. २५६ मध्यें एकदां वार चुकतो हें माहीत आहे. मर्मी वाराचें प्रमाण त्यांना दशांशापर्यंत माहीत आहे. त्यांचा खेळ मूळच्या खेळाडूंपेक्षां निःसंशय वरच्या दर्जाचा आहे. म्हणून जुन्या सामन्यांची वर्णनें वाचून ‘येथें याची चाल चुकली, तेथें त्याचा प्राणी अयोग्य होता’ असे शेरे मारण्याचा मोह होतो. तो मोह आवरला पाहिजे. पट पुन्हां मांडतां आला तरी त्या मुलाचें अज्ञान पुन्हां मांडतां येत नाहीं, आणि त्याचा निर्णय तर त्या अज्ञानाच्या आंत बसून घेतलेला होता. भुतांनीं मनःशक्तीस हरविण्याचा बेत करून जो आला तो मूर्ख नव्हता. खेळानेंच त्याला तसें सांगितलें होतें. पानिपतावर कोणी काय करावयास हवें होतें हें आज सांगणारे पुष्कळ भेटतात. सदाशिवरावभाऊंच्या तंबूंत त्या रात्रीं कोणती बातमी पोंचली होती आणि कोणती नव्हती, हें विचारणारे थोडे. मोठ्या इतिहासाला जी शिस्त लागते तीच या लहानशा इतिहासालाहि लागते.

तेव्हां या युगाचें खरें पुनर्दर्शन ज्याला घडवावयाचें आहे त्यानें दोन गोष्टी जतन कराव्या. पहिली, त्या त्या वर्षाचा कायदा, अक्षरशः, अगदीं त्यांतील वजन-उंचीच्या कलमांसह. दुसरी, त्या त्या वेळीं खेळाडूंना काय ठाऊक होतें आणि काय नव्हतें याची नोंद. विजेत्यांचीं नांवें आपोआप टिकतात. या दोन गोष्टी टिकत नाहींत, आणि त्यांच्याखेरीज नांवांना कांहीं अर्थ उरत नाहीं. त्या स्पर्धांत खेळलेलीं मुलें आज चाळिशीच्या आसपास आलीं आहेत. त्यांच्या आठवणी ताज्या आहेत तोंवर त्या विचारून, लिहून घेतल्या पाहिजेत. आणि विचारतांना ‘तुमचा सर्वांत बलवान् प्राणी कोणता होता?’ एवढ्यावर थांबूं नये. ‘तुमची १५५ ची बेरीज तुम्हीं कशी वांटली होती, आणि तशीच कां?’ असें विचारावें.

आपल्या घरांत एखादें मूल हातांतील यंत्रावर असाच एखादा संघ जुळवीत बसलें असेल, तर त्यालाहि हाच प्रश्न विचारून पाहण्यास हरकत नाहीं. त्याचें उत्तर बहुधा लांबलचक असेल, त्यांत अनेक अपरिचित नांवें येतील आणि मध्येंच एखादें गणितहि येईल. तें शांतपणें ऐकावें, आणि शक्य तर वहीच्या एका पानावर तारखेसह उतरून ठेवावें. त्याचा कायदा पुढच्या वर्षीं बदललेला असेल.